हंगामपूर्व स्पर्धा : इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष चषकातून कोल्हापूरने काय घ्यावे?

पेठेतला पाठीराखा (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या तालमीच्या बैठकीत सध्या एक विषय गाजतो आहे. के.एस.ए.ची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) वरिष्ठ गटाची फुटबॉल लीग सुरू होण्यापूर्वी शाहू स्टेडियमवर आठ संघांची एक लहान स्पर्धा घ्यावी, असे काही ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे. पाऊस सरेपर्यंत सरावाची मैदाने चिखलाने भरलेली असतात, दिवाळीच्या आसपास घाईघाईने सराव उरकला जातो आणि संघ थेट गुणांच्या सामन्यात उतरतात. त्यामुळे साठाव्या मिनिटाच्या पुढे निम्मा संघ कमरेवर हात ठेवून उभा असतो, हे चित्र आपण सर्वांनीच गॅलरीतून पाहिले आहे.

बैठकीत एका तरुण सभासदाने इंडोनेशियातील ‘पियाला प्रेसिडेन’, म्हणजे राष्ट्राध्यक्ष चषकाचा दाखला दिला. तेथील व्यावसायिक क्लब लीगच्या आधी ही स्पर्धा खेळतात आणि तिला गर्दीही प्रचंड होते, असे तो म्हणाला. ही स्पर्धा नेमकी कशी चालते आणि तिचा संघांना तयारीसाठी खरोखर उपयोग होतो का, की बक्षीस, सत्कार आणि फलकबाजी यांपुरतीच ती उरते, हे मला समजून घ्यायचे आहे. बैठकीत बोलताना माहिती पक्की असावी, एवढाच हेतू आहे.

आग्नेय आशियाचा वाचक

आपल्या तरुण सभासदाची माहिती बरोबर आहे, परंतु तिला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. ही स्पर्धा जन्माने हंगामपूर्व नव्हती. 2015 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाच्या क्रीडा मंत्रालयाने पी.एस.एस.आय. या राष्ट्रीय महासंघाचे कामकाज गोठवले, नुकतीच सुरू झालेली लीग बंद पडली आणि सरकारी हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने 30 मे 2015 रोजी त्या देशाला निलंबित केले. आपल्या महासंघावर ऑगस्ट 2022 मध्ये अशीच वेळ आली होती, पण ती काही दिवसांत निभावली; इंडोनेशियाचे निलंबन मात्र मे 2016 पर्यंत उठले नाही. लीग नाही, त्यामुळे क्लबांना उत्पन्न नाही आणि खेळाडूंच्या पगाराची शाश्वती नाही, अशा अवस्थेत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने 16 संघांची स्पर्धा उभी राहिली. बांडुंग, मलांग, गियान्यार आणि मकास्सर अशा चार ठिकाणी गटसामने झाले आणि ऑक्टोबरमध्ये जकार्ताच्या गेलोरा बुंग कार्नो मैदानावर पर्सिब बांडुंगने श्रीविजया एफ.सी.चा 2-0 असा पराभव करून पहिला चषक जिंकला. म्हणजे तेव्हा ती लीगची तयारी नव्हती, तर लीगच्या जागी मिळालेला आधार होता.

लीग नव्या रूपात 2017 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून हा चषक हंगामाच्या आधी खेळला जाऊ लागला. एका गटाचे सर्व सामने एकाच शहरात ठेवण्याची पद्धत तेथे उपयोगी पडते, कारण सुमात्रापासून पापुआपर्यंत पसरलेल्या त्या देशात तीन कालविभाग आहेत आणि हंगामापूर्वी दर सामन्याला विमानप्रवास करणे कोणत्याही क्लबला परवडणारे नाही. पुढील विजेत्यांमध्ये एकच नाव वारंवार येते. मलांगच्या अरेमा एफ.सी.ने 2017, 2019, 2022 आणि 2024 असा चार वेळा चषक जिंकला, त्यांपैकी तीन वेळा अंतिम सामन्यात समोर बोर्निओ एफ.सी. होता. मधला 2018 चा चषक पर्सिजा जकार्ताने बाली युनायटेडला 3-0 ने हरवून नेला.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर याच यादीतून मिळते. अरेमाने चषक जिंकलेल्या त्या चार हंगामांत लीग अनुक्रमे भयंकारा, बाली युनायटेड, पी.एस.एम. मकास्सर आणि पर्सिब यांनी जिंकली. चषक आणि लीग एकाच वर्षी जिंकणारा संघ म्हणजे 2018 चा पर्सिजा. त्या स्पर्धेत नव्याने आलेल्या मार्को सिमिच या क्रोएशियन आघाडीपटूने 11 गोल केले होते आणि तोच सूर त्याने पुढे लीगमध्येही टिकवला.

शिट्टी आणि घड्याळ

मी अनेक वर्षे मुलांना शिकवतो आहे, म्हणून केवळ तयारीच्या बाजूने लिहितो. वरील यादी पाहून ‘मग अशा स्पर्धेचा उपयोगच नाही’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. चषक जिंकणे हा हंगामपूर्व स्पर्धेचा उपयोगच नव्हे. कोणत्या खेळाडूला किती मिनिटे मैदानावर ठेवले, नवा बचावपटू जुन्या गोलरक्षकाची हाक ओळखू लागला का आणि दुखापतीविना किती जण बाहेर आले, हा तिचा उपयोग आहे. अडचण अशी की पेला समोर ठेवला की प्रशिक्षक हे सर्व विसरतो, आणि तो विसरला नाही तर मंडळाचे पदाधिकारी त्याला विसरायला लावतात.

यात तारखांचे महत्त्व फार आहे. इंडोनेशियात 2019 चा अंतिम सामना 12 एप्रिलला संपला आणि लीग 15 मे रोजी सुरू झाली. सहा आठवडे चढलेला संघ त्यानंतर महिनाभर थंड पडला. याच्या उलट 2022 मध्ये घडले. अरेमा आणि बोर्निओ यांच्यातील दोन टप्प्यांचा अंतिम सामना 17 जुलैला संपला आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस लीगला प्रारंभ झाला. पहिल्याच सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर आले आणि चषक उंचावलेला अरेमा 3-0 असा हरला. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच चषक जिंकून देणाऱ्या एदुआर्दो अल्मेदा या प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. एका सामन्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला मान्य आहे, परंतु चषकाच्या ईर्ष्येपोटी सर्वोत्तम अकरा जण शेवटच्या मिनिटापर्यंत पळवले की पाय कुठे जातात, हे समजण्यासाठी इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही.

आपल्याकडे लीगच्या पहिल्या आठवड्यात काय दिसते ते आठवून पाहावे. आघाडीचा खेळाडू चेंडूमागे पहिल्यांदाच पूर्ण वेगाने सुटतो आणि मांडीचा मागचा भाग धरून खाली बसतो. दोघे जण त्याचा पाय उचलून पंजा मागे ओढतात, कोणीतरी बाटलीतले पाणी गुडघ्यावर ओततो, स्प्रेचा फवारा होतो आणि गॅलरीतून ‘उठ, उठ’ असा गिल्ला सुरू होतो. तो उठतो, आणखी दहा मिनिटे खेळतो आणि मग पुढचे महिनाभर मैदानाबाहेर राहतो. ही दुखापत त्या दिवशी झालेली नसते. आधीच्या सहा आठवड्यांत जी पळापळ टप्प्याटप्प्याने वाढायला हवी होती, ती झालेली नसते. त्यामुळे स्पर्धा घ्यायची असेल तर अंतिम सामना आणि लीग यांच्यात दोन आठवडे मोकळे ठेवावेत, बदली खेळाडूंची मर्यादा सैल करावी आणि सुरुवातीचे सामने पूर्ण 90 मिनिटांऐवजी 30-30 मिनिटांच्या दोन सत्रांत खेळवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेठेतला पाठीराखा

सर, आपले आणि आधीच्या सदस्यांचे आभार. एक शंका आहे. 30-30 मिनिटांचे सामने आणि हवे तेवढे बदली खेळाडू म्हटल्यावर प्रेक्षक येतील का? आमच्या बैठकीत खर्चाचा विषय निघाला की सर्व डोळे तिकीटविक्रीकडे वळतात.

शिट्टी आणि घड्याळ

न आलेले बरे, असे मी म्हणालो तर आपल्याला राग येईल. म्हणून एवढेच म्हणतो की प्रेक्षकांसाठी लीग आहे आणि तिच्या पाठोपाठ येणारे सारे चषक आहेत.

गॅलरी क्रमांक तीन

सरांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे आणि सहमतही आहे. दोन्हींची कारणे देतो.

असहमत यासाठी की प्रेक्षक नसते तर राष्ट्राध्यक्ष चषक 2015 मध्येच संपला असता. लीग बंद असताना क्लबांच्या दारात पैसा आला तो प्रक्षेपण, प्रायोजक आणि तिकिटे यांमधून. लोक आले म्हणून प्रायोजक आले. पर्सिबचे ‘बोबोतोह’, पर्सिजाची ‘जाकमानिया’, अरेमाची ‘अरेमानिया’ आणि पर्सेबायाचे ‘बोनेक’ हे पाठीराखे आपल्या पेठांना सहज ओळखू येतील असे आहेत. घर, गल्ली आणि संघ या तिन्हींत ते फरक करीत नाहीत. आपल्याकडेही तालमी आणि तरुण मंडळे यांनीच फुटबॉल जगवला, तो काही कंपन्यांनी जगवलेला नाही. त्या पाठीराख्याला ‘तू तयारीच्या वेळी येऊ नकोस’ असे सांगणे मला पटत नाही.

सहमत यासाठी की याच गर्दीने तेथे जीव घेतले आहेत. 2015 च्या पहिल्या अंतिम सामन्यात पर्सिब खेळणार होता आणि सामना होता जकार्तात, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्धी पर्सिजाच्या घरात. बांडुंगहून येणाऱ्या पाठीराख्यांसाठी मोठा पोलीस बंदोबस्त लावावा लागला. पुढे जून 2022 मध्ये याच चषकाच्या गटसामन्यात, बांडुंगच्या मैदानावर पर्सिब आणि पर्सेबाया खेळत असताना, आत शिरण्याच्या रेटारेटीत पर्सिबच्या दोन पाठीराख्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, 1 ऑक्टोबर 2022 रोजी, मलांगच्या कांजुरुहान मैदानावर अरेमा-पर्सेबाया हा लीगचा सामना संपल्यावर पोलिसांनी अश्रुधुराचा मारा केला, बाहेर पडण्याच्या दारांशी चेंगराचेंगरी झाली आणि 135 जण मृत्युमुखी पडले. तो सामना चषकाचा नव्हता, ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण दोन्ही घटना एकत्र करून सांगितल्या जातात. पण जूनमध्ये ‘हंगामपूर्वच तर सामना आहे’ या समजुतीने बंदोबस्ताकडे पाहिले गेले की नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पोलीस, महापालिका आणि संयोजक या सर्वांचा समज असा असतो की स्पर्धा लहान म्हणजे गर्दीही लहान. कोल्हापुरात तसे घडत नाही. दोन जुने प्रतिस्पर्धी संघ समोर आले की मैत्रीपूर्ण सामन्यालाही गॅलरी भरते आणि पंचाने एक ऑफसाइड वाजवली तरी खाली बाटल्या येतात. त्यामुळे आपण आठ संघ घेणार असाल तर कोणते दोन संघ एका गटात ठेवायचे हे चिठ्ठ्यांवर सोडू नये. आणि दोन्ही बाजूंच्या पाठीराख्यांची ये-जा वेगवेगळ्या दारांनी होईल, तसेच सामना संपण्यापूर्वी सर्व दारांची कुलपे काढली जातील, याची लेखी जबाबदारी एका व्यक्तीवर टाकावी. समितीवर नव्हे, एका व्यक्तीवर.

आग्नेय आशियाचा वाचक

व्यासपीठाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2018 च्या अंतिम सामन्यानंतर पर्सिजाचे खेळाडू चषक घेण्यासाठी जात असताना जकार्ताचे तत्कालीन गव्हर्नर अनीस बास्वेदान यांना राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षारक्षकांनी खाली मैदानात जाण्यापासून रोखले. जकार्ताचा संघ जिंकला आणि जकार्ताचा गव्हर्नर वरच उभा राहिला. पुढचे अनेक दिवस तेथील वृत्तपत्रांत सिमिचच्या गोलांपेक्षा त्या अडवणुकीचीच चर्चा अधिक झाली. कोल्हापुरात बक्षीस समारंभाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला खुर्ची कोठे द्यायची हा विषय किती स्फोटक असतो, हे येथे कोणालाही सांगायला नको.

दुसरे असे की त्या स्पर्धेचे स्वरूप अलीकडे आक्रसले आहे. 2017 ते 2019 या काळात 20 संघ खेळत असत. 2024 मध्ये 8 झाले आणि 2025 मध्ये फक्त 6, त्यांतही थायलंडचा पोर्ट एफ.सी. आणि इंग्लंडचा ऑक्सफर्ड युनायटेड हे दोन पाहुणे होते. अंतिम सामना या दोन पाहुण्यांतच झाला आणि पोर्टने तो 2-1 असा जिंकला. देशी क्लबांच्या तयारीसाठी असलेल्या स्पर्धेचा अंतिम सामना दोन परदेशी क्लबांनी खेळावा, यावर तेथे टीका होणे स्वाभाविक होते. ऑक्सफर्डची मालकी इंडोनेशियन उद्योजकांकडे आहे, हे लक्षात घेतले म्हणजे निमंत्रणाचे कोडे उलगडते. आपल्याकडे पुणे, मुंबई किंवा गोव्याचा एखादा संघ बोलावण्याचा मोह होईल. मी तो टाळण्याचा सल्ला देईन, कारण पाहुण्यांचा निवास आणि मानधन यांतच अंदाजपत्रक संपेल आणि ज्यांच्या पायांसाठी हा खटाटोप आहे ते आपले संघ दोन सामने खेळून घरी जातील.

शिट्टी आणि घड्याळ

शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. बाद फेरीने सुरुवात करू नये, एवढी भर घालतो. आठ संघांची थेट बाद फेरी घेतली तर चार संघांना एकच सामना मिळतो आणि ते होते तसेच अप्रस्तुत राहतात. चार-चारचे दोन गट केले तर प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतील. देशातील उदाहरण हवे असेल तर 1888 पासूनचा ड्युरँड चषक घ्यावा. अलीकडे आय.एस.एल.च्या (इंडियन सुपर लीगच्या) आधी तो खेळवला जाऊ लागल्यापासून काही क्लब तेथे राखीव फळी उतरवतात आणि कोणी त्यांना दोष देत नाही. आपल्या पेठेत मात्र राखीव फळी उतरवून हरलेल्या प्रशिक्षकाला रात्री तालमीत कोण काय बोलेल, याचा विचार आपल्या ज्येष्ठ सभासदांनी आधी करावा.

पेठेतला पाठीराखा

रविवारच्या बैठकीत मी पुढील प्रस्ताव ठेवणार आहे. चारचे दोन गट, प्रत्येक संघाला तीन सामने, 30-30 मिनिटांची सत्रे, बदली खेळाडूंना मुभा, तिकीट ठेवायचे पण दर नाममात्र, आणि लीगच्या आधी दोन आठवडे मैदान मोकळे. अंतिम सामना ठेवायचा की नाही यावर एकमत होणार नाही हे मला दिसते आहे, कारण ज्यांनी रोख बक्षीस जाहीर करण्याची तयारी दर्शवली आहे त्यांना अंतिम सामनाच हवा आहे. बारा गटसामन्यांना पंचांचे मानधन आणि रुग्णवाहिकेचा खर्च किती धरावा, याचा अंदाज कोणी देऊ शकल्यास कृपया येथेच लिहावे.