मदत हवी आहे: रोजची प्रार्थना टिकत नाही

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी वास्कोला राहते, नोकरी पणजीत. पहाटे डोळे मिटून बसले की खाली पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो. पाव, डबे, बस, आणि प्रार्थना राहून जाते. रात्री बायबल मांडीवर उघडं ठेवूनच झोप लागते.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायात, आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी लोटलं होतं, तरी येशू अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. हे वाचून फार लागतं मनाला. शेजारच्या कॅथलिक घरात संध्याकाळी सगळे मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात. आमच्याकडे तशी ठरलेली वेळच नाही.

नोकरी करणाऱ्या बहिणींनो, तुम्ही वेळ कशी राखता? मुलांना सोबत बसवता का? बसमधली प्रार्थना पुरते का?