मदत हवी आहे : एमआरआयमधील संशोधनाकडे वळताना

सर्वांना नमस्कार. मी धुळ्याची असून इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकते. वैद्यकीय प्रतिमांकनात पीएचडी करून पुढे अध्यापन आणि संशोधन करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोठ्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) असतात आणि त्यांतील अतिवाहक, म्हणजे अतिशीत अवस्थेत विजेला रोध न करणारे, चुंबक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम लागतो, याउलट ०.१ टेस्लाहून कमी क्षेत्राचे यंत्र साध्या कायम चुंबकावर चालू शकते, मात्र त्यातील संकेत क्षीण असल्यामुळे प्रतिमा स्पष्ट करण्याचा बराच भार गणितावर येतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत वरवर कोणतेही लक्षण नसताना मेंदूला इजा झालेली असू शकते. हा आजार आपल्या नंदुरबारच्या आदिवासी भागातही आहे. धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत नेता येईल अशा कमी क्षेत्राच्या यंत्रात ती इजा ओळखता येईल का, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

गेट या अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२० पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे; ती द्यावी की माझ्या शाखेचीच? आधी एमटेक करणे हिताचे, की थेट पीएचडीसाठी प्रयत्न करावा? आयआयटी मुंबई किंवा तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था येथे शिकलेल्यांनी, मार्गदर्शक निवडताना काय पाहावे आणि प्राध्यापकपदासाठी परदेशातील पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधन) प्रत्यक्षात कितपत आवश्यक ठरते, हे कृपया सविस्तर सांगावे. घरी पहिला प्रश्न विद्यावृत्तीचा असतो, त्यामुळे त्याबद्दलही अवश्य लिहावे.