शब्दचर्चा: ‘डिसॅबिलिटी डिस्चार्ज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक करते आहे. अपंगत्व आलं तर तिथल्या केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज रद्द होतं, त्यासाठी डॉक्टरांकडून काय घ्यायचं, हा विषय. ‘टोटल अँड पर्मनंट डिसॅबिलिटी डिस्चार्ज’ला ‘कायम अपंगांसाठी कर्जमाफी’ म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद १: ‘माफी’ नको. माफी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. इथे निकष पूर्ण झाले की तो कर्जदाराचा हक्क आहे. ‘कर्जमुक्ती’ घ्या. २०१९च्या महात्मा जोतिराव फुले योजनेच्या नावातही तोच शब्द आहे, त्यामुळे कानाला सवयीचा.

मला खरी काळजी ‘कायम अपंग’ची वाटते. ते वाचून आपला माणूस भारतातल्या सवयीने लगेच अपंगत्वाचे टक्के शोधेल: ४० टक्के भरतात का, सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला चालेल का? डॉक्टरांमार्फत अर्ज करताना तिथला निकष टक्क्यांचा नाहीच. शारीरिक किंवा मानसिक विकारामुळे कमाईचं कोणतंही भरीव काम जमत नाही, आणि तो विकार जिवावर बेतणारा आहे, किंवा सलग ६० महिने टिकला आहे वा टिकेल, असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. म्हणजे व्हीलचेअरवरून रोज नोकरीला जाणारी व्यक्ती यात बसत नाही, आणि वरून धडधाकट दिसणारा, पण तीव्र मानसिक आजारामुळे घरी बसलेला माणूस बसू शकतो. म्हणून ‘पूर्ण व दीर्घकालीन कार्य-अक्षमता’ असं काहीतरी करा. जरा बोजड आहे, पण वाचणारा फसणार नाही.

प्रतिसाद २: ‘मुक्ती’लाही एक अट जोडा. पुढच्या तीन वर्षांत नवं सरकारी शैक्षणिक कर्ज घेतलं, तर जुनं पुन्हा मानगुटीवर बसतं.

प्रश्नकर्ती: हे ठळक अक्षरांत घालते. आणि ‘वैद्यकीय दाखला’?

प्रतिसाद १: ‘दाखला’ म्हटलं की लोक लेटरहेडवरची चिठ्ठी आणतील. इथे अर्जातलाच एक भाग डॉक्टर भरून सही करतात. ‘पाठीचा विकार आहे’ एवढ्यावर भागत नाही. किती वेळ बसता येतं, उभं राहता येतं, स्वतःचं आवरता येतं का, हे उतरलं तर अर्जात जोर येतो. जुलै २०२३पासून नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिका), फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीने उपचार करणारे प्रशिक्षित सहायक) आणि स्वतंत्र परवाना असलेले मानसशास्त्रज्ञही सही करू शकतात. तेव्हा नुसतं ‘डॉक्टरांचं’ लिहू नका, ‘वैद्यकीय व्यावसायिकाने भरायचा भाग’ असं लिहा. आणि सहीनंतर ९० दिवसांच्या आत अर्ज पोचला पाहिजे, हे त्याच ओळीत येऊ द्या.