मदत हवी आहे: टेक्सासमध्ये कोयोट (इथला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) करडं नेतोय, सापळा कुठला आणि कसा लावायचा?

ब्लँकोकर
ऑस्टिनच्या पश्चिमेला ब्लँको काउंटीत १८ एकर आहे. वर वीतभर मुरूम, खाली चुनखडीचा खडक, बाकी सगळी सिडारची झुडपं. बोअर-स्पॅनिश संकराच्या २२ शेळ्या, राखणीला एक पिरेनीज कुत्रा. कुंपण चार फुटी जाळीचं, पण ओढ्याजवळ दोन ठिकाणी जाळीखालून उकरून वाट केलेली दिसते.
या वेताची तीन करडं गेली. दोन गायबच, एकाचं कलेवर मिळालं, नरड्यापाशी दातांच्या खुणा. पिंजऱ्यात कोंबडीचं मांस ठेवून पाहिलं तर रॅकून आणि स्कंक असले छोटे रानटी प्राणीच अडकतात. शेजाऱ्याची दोन कुत्रीही मोकळी असतात. पाय धरणारा सापळा लावायचा विचार आहे. कोणता घ्यावा, कसा बसवावा, कायदा काय म्हणतो? कृपया नेमकं सांगा.

गुरांची डॉक्टर
सापळ्याआधी मारेकरी कोण ते पक्कं करा. पुढचं कलेवर मिळालं की गळ्यावरची कातडी सोलून आतून बघा. कातडीखाली रक्त साकळलेलं असेल तर जिवंत असताना चावा बसला. तसं नसेल तर करडू आधीच मेलं होतं आणि कोयोटने नंतर खाल्लं. मेलेली करडं खाणारा प्रत्येक कोयोट मारेकरी नसतो.
कोयोट कानाखाली, जबड्यामागे नरडं धरतो. सुळ्यांच्या दोन भोकांतलं अंतर साधारण सव्वा इंच भरतं. बॉबकॅट या रानमांजराचं पाऊण ते एक इंच, त्याचा चावा बहुधा मानेवर मागून असतो, खांद्यावर नखांचे ओरखडे असतात आणि उरलेलं तो पाचोळ्याखाली लपवतो. मोकाट कुत्री मागच्या मांड्या, शेपूट, कान असं कुठेही फाडतात, तीन-चार जनावरं जखमी करतात आणि खातात फार थोडं. नुकत्याच जन्मलेल्या करडाचे डोळे, जीभ आणि नाळेची जागा गेली असेल तर काळ्या गिधाडांवर संशय घ्या. त्या पक्ष्याला संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय हात लावू नका.
ओढ्यातल्या ओल्या मातीत ठसेही बघा. कोयोटचा ठसा लांबट, अडीच इंचांच्या आसपास, मधल्या दोन नखांच्या खुणा जवळजवळ. कुत्र्याचा गोलसर आणि नखं फाकलेली. बॉबकॅटच्या ठशात नखं दिसतच नाहीत.
पिरेनीजला रेबीजची लस चालू आहे ना? टेक्सासमध्ये स्कंक हा रेबीजचा मोठा वाहक आहे. पिंजऱ्यातल्या स्कंकला उघड्या हाताने कोणी हात लावलेला नसावा ही अपेक्षा.

जुनी खुंटी
डॉक्टरताईंनी पहिलं काम सांगितलंच. आता सापळ्याचं.
पिंजरा विसरा. मोठा कोयोट पिंजऱ्यात क्वचितच शिरतो, तुम्ही फुकट रॅकून पोसताय. त्याला दुहेरी कॉइल स्प्रिंगचा फूटहोल्ड, म्हणजे पाय धरणारा सापळा, लागतो, जबड्यांचा आतला पसारा साडेपाच इंचांच्या आसपास. एमबी-५५०, ब्रिजर नंबर २ किंवा ड्यूक नंबर ३ यांपैकी कोणताही चालेल. जबडे मिटल्यावर मध्ये पाव इंच फट राहणारे, म्हणजे ऑफसेट घ्या. शेजारी कुत्री आहेत म्हणून तुमच्यासाठी रबर लावलेले व्हिक्टर सॉफ्ट कॅच जास्त बरे, चुकून कुत्रं अडकलं तरी सहसा लंगडत का होईना घरी जाईल. साखळी सापळ्याच्या बुडाच्या मधोमध जोडलेली हवी आणि तिच्यात निदान तीन फिरक्या, म्हणजे गोल फिरणाऱ्या कड्या. फिरकी अडली की जनावर पीळ घालून पाय मोडून घेतं किंवा सुटतं.
नव्या सापळ्याला कारखान्याचं तेल असतं. ते पाण्यात उकळून काढा, बाहेर टांगून पातळ गंज चढू द्या, मग लॉगवूड झाडाच्या लाकडाच्या रंगात उकळा आणि शेवटी सापळ्याच्या मेणात बुडवा. मेण चुलीवर थेट तापवू नका, भडका उडतो. कढत पाण्यावर तरंगतं मेण ठेवून त्यातून सापळा हळू बाहेर काढला तरी पातळ थर बसतो.
पॅनचा, म्हणजे पाय पडला की सापळा सोडणाऱ्या मधल्या चकतीचा, ताण अडीच ते तीन पौंड ठेवा. एक लिटरची भरलेली बाटली पॅनवर टेकवल्यावर सापळा पडू नये, वरून थोडा दाब दिला की पडावा. म्हणजे स्कंक आणि ओपोसम बऱ्याच अंशी टळतात. तपासताना बोटं जबड्यांच्या आत नकोत, हे सांगायला नको.
आता बसवणं. नव्वद टक्के लोक इथेच हरतात आणि खापर आमिषाच्या वासाच्या बाटलीवर फोडतात. रचना उकरलेल्या भोकाची करा. कोयोटची नेहमीची वाट आहे तिथे, वाटेपासून तीन-चार फूट बाजूला, एखाद्या गवताच्या बुंध्याला किंवा दगडाला पाठ लावून तीन इंच रुंद आणि आठ इंच खोल भोक तिरकं खणा, सुमारे ४५ अंशांत. भोकाच्या ओठापासून पॅनच्या मध्यापर्यंत आठ-नऊ इंच अंतर. सापळा भोकाच्या अगदी समोर न ठेवता दीड-दोन इंच एका बाजूला सरकवा, कारण जनावर वाकून हुंगताना पुढचा पाय मधोमध टाकत नाही.
सापळा बसेल एवढाच खळगा करा. बसवल्यावर चारही बाजूंनी दाबून बघा, कुठेही डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर कोयोटला पायाखाली हालचाल कळते आणि तो कडेने उकरून सापळा उताणा करून जातो. जबड्यांच्या बाहेरची माती बोटांनी ठोकून घट्ट करा, पण पॅनखाली माती जाऊ देऊ नका. पॅनवर मेणकागदाचा तुकडा, त्यावर पाव इंची जाळीच्या चाळणीतून चाळलेली कोरडी माती, अर्ध्या इंचाहून कमी जाडीचा थर. भोकात सुपारीएवढं आमिष, त्यावर गवताचा बोळा, आणि मागच्या दगडावर कोयोटच्या लघवीचे चार थेंब. बस्स.
वारा मागच्या दगडाकडून भोकावरून सापळ्याकडे आणि तिथून वाटेकडे वाहायला हवा. कोयोट वाऱ्याला तोंड करूनच येतो.

ब्लँकोकर
फारच उपयोगी. दोन अडचणी. सापळ्याच्या साखळीला खुंटी ठोकायला गेलो तर सहा इंचांवर खडक लागतो. आणि पिरेनीज रात्रभर शेळ्यांतच असतो, त्याचं काय?

जुनी खुंटी
मातीत दोन फुटी सळया आडव्या-तिरक्या ठोकतात, तुमच्याकडे ते जमणार नाही, आणि केबलचे जमिनीतले अँकरही खडकात धरत नाहीत. मग नांगर वापरा, म्हणजे दोन आकड्यांचा गळ आणि त्याला सहा ते आठ फूट साखळी. जनावर ओढत पहिल्या सिडारच्या झुडपापर्यंत जाऊन अडकतं. झुडुपं दाट असतील तरच हे करा. उघड्या रानात ते शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत जाईल. झाडाच्या खोडाला साखळी बांधू नका, ती गुंडाळली जाते आणि पाय जातो.
दुसरा पर्याय ओढ्याकाठची गाळाची माती. तिथे सळई बसेल, पण पाऊस आला की ती माती वाळून विटेसारखी होते आणि सापळा पडतच नाही. पावसानंतर पुन्हा बसवायची तयारी ठेवा, एक बादलीभर कोरडी चाळलेली माती झाकून ठेवा.
कुत्र्याबद्दल: ज्या वाड्यात पिरेनीज फिरतो तिथे सापळा अजिबात नाही. कुंपणाच्या बाहेर लावा, तेही मांसाचं आमिष न वापरता फक्त लघवी आणि ग्रंथींचा वास. मांसाला कुत्रा हमखास येतो. तेवढे दिवस रात्री त्याला आणि शेळ्यांना एकाच बंद वाड्यात घ्या. शेजाऱ्याला आधी सांगा, लेखी निरोप पाठवलात तर उत्तम.
जाळीखालच्या उकरलेल्या वाटेत तारेचा फास लावायचा मोह होईल. त्याच वाटेने तुमची करडं आणि कुत्राही जातात, म्हणून तुमच्याकडे नको.

मेंढकोट
कायद्याचं थोडक्यात. टेक्सासमध्ये कोयोटला बंद हंगाम नाही. शेळ्यांवर हल्ला करणाऱ्या किंवा नुकताच केलेल्या कोयोटसाठी शिकारीचा परवाना लागत नाही. रॅकून, स्कंक, कोल्हा, ओपोसम हे फरच्या यादीतले प्राणी आहेत, त्यांचे नियम वेगळे, आणि कातडी विकायची तर ट्रॅपरचा, म्हणजे सापळे लावणाऱ्याचा, परवाना लागतो. सापळे निदान दर ३६ तासांनी तपासायचे. तुम्ही रोज पहाटेच तपासा. उन्हात अडकलेलं जनावर तडफडतं आणि सुटण्याची शक्यताही वाढते.
इतर राज्यांतले वाचक हे जसंच्या तसं उचलू नका. कोलोराडोत १९९६च्या आणि कॅलिफोर्नियात १९९८च्या मतदानानंतर असल्या सापळ्यांवर कडक बंधनं आली, न्यू जर्सीत फूटहोल्ड चालतच नाही.
स्वतः करायचं नसेल तर काउंटीचा ट्रॅपर मिळतो का बघा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची कृषी विस्तार सेवा आणि केंद्रीय कृषी खात्याची वन्यजीव सेवा मिळून हा कार्यक्रम चालवतात, मात्र सगळ्या काउंट्या त्यात नाहीत. विषाच्या नादी लागू नका. मांसात विष घालून टाकणं बेकायदा आहे आणि पहिला मरेल तो तुमचाच कुत्रा.

शांतताप्रिय
मारायलाच हवं का? पकडून दूर रानात सोडला तर?

गुरांची डॉक्टर
नाही. रेबीजमुळे टेक्सासमध्ये जिवंत कोयोट, कोल्हे आणि रॅकून असे हलवायला बंदी आहे. दक्षिण टेक्सासमध्ये कुत्र्या-कोयोटांतला रेबीज पसरला तेव्हा १९९५पासून विमानातून लसीची आमिषं टाकावी लागली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. शिवाय नव्या जागी सोडलेला कोयोट तिथल्या जोडीकडून मार खातो किंवा तिथली करडं नेतो. अडकलेला कोयोट .२२ कॅलिबरच्या बंदुकीने एका गोळीत संपवतात. तो वेडावाकडा वागत असेल, लाळ गाळत असेल तर डोक्यात गोळी घालू नका, तपासणीला मेंदू शाबूत लागतो. चावा किंवा लाळ लागली तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन थेट दवाखाना.
कुत्रं अडकलं असेल तर आधी डोक्यावर जाड कोट टाका, मग दोन्ही बाजूंच्या लिव्हरवर एकाच वेळी पाय द्या. घाबरलेलं कुत्रं मालकालाही चावतं.

पारनेरी
आमच्याकडे कोल्हे-लांडगे शेळ्यांना त्रास देतात. हे सापळे ऑनलाइन मिळतील का?

मेंढकोट
पारनेरी भाऊ, भारतात हे करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२मध्ये शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणं येतं. लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, २०२२च्या दुरुस्तीनंतर कोल्हाही. शेळी मेली तर कलेवर न हलवता लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज त्यावरच उभा राहतो. वाडा बंदिस्त करणं हाच उपाय.

कातडीवाला
फर विकून सापळ्यांचा खर्च निघेल असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. टेक्सासच्या कोयोटचं कातडं पातळ, भुरकट. बाजारात मागणी होती ती माँटाना-डकोटाच्या दाट फिकट केसांच्या मालाला, कोटाच्या टोपीच्या काठासाठी. तिथेही २०२१मध्ये कॅनडा गूजने फर थांबवण्याची घोषणा केली आणि हवा गेली. बॉबकॅटला अजून भाव आहे, पण त्या कातड्याला राज्याबाहेर नेण्यासाठी सीआयटीईएसचा (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) टॅग लागतो.

मेंढकोट
आणि ब्लँकोकर, कुंपण राहून जाऊ नये. एक जोडी काढली की मोकळा इलाका काही आठवड्यांत दुसरी घेते. कोयोटच्या मीलनाचा हंगाम जानेवारी ते मार्च, ६३ दिवसांनी पिल्लं, म्हणजे एप्रिल-मेमध्ये भूक सगळ्यात जास्त, नेमकी तुमची करडं लहान असताना. जाळीच्या बाहेर सहा-आठ इंच अंतरावर, जमिनीपासून तितक्याच उंचीवर विजेची एक तार ओढा. ऊर्जायंत्र निदान १ ज्यूलचं, तारेवर ४,००० व्होल्टच्या वर. खडकाळ कोरड्या जमिनीत अर्थिंग मिळत नाही, म्हणून सहा फुटी तीन सळया ओढ्याच्या ओल्या मातीत दहा-दहा फुटांवर ठोका आणि तिथून तार आणा. उकरलेल्या जागी बाहेरच्या बाजूने दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून कुंपणाला वळवा.

ब्लँकोकर
कुंपणाबाहेर, ओढ्याच्या वळणावर दोन सापळे लावले. ठसे कोयोटचेच आहेत. एक सापळा पडलेला मिळाला, जबड्यात चार केस, बाकी काही नाही. दुसरा कडेने उकरून उघडा पाडलाय, पडलेला नाही.

जुनी खुंटी
दोन वेगळ्या चुका आहेत. केस म्हणजे पाय पॅनच्या कडेवर पडला, किंवा वास इतका जास्त टाकलात की तो त्यावर पाठीवर लोळला. लोळला असेल तर केस लांब, पाठीवरचे असतील, टोकं काळी. पायाचे केस आखूड आणि पिवळसर. आखूड असतील तर सापळा एक इंच मागे घ्या, लांब असतील तर वास निम्मा करा.
दुसरा उकरला, म्हणजे एकतर तो डुगडुगतोय नाहीतर त्यालाच वास लागलाय. वासाची बाटली आणि सापळे एकाच बादलीत नेलेत का? ज्या हातमोज्याने वास टाकला त्यानेच सापळा धरलात का? तसं असेल तर तो सापळा पुन्हा उकळून मेणातून काढा. तोवर त्याच खळग्यात स्वच्छ सापळा बसवा. उकरणारा त्याच जागी परत येतो. म्हणून भोकाच्या दुसऱ्या बाजूला, तो उकरायला उभा राहिला होता तिथे, अजून एक बसवा.