आर्ट कॉलेजची चार वर्षं वाया जातात म्हणे!

रेघोट्या_ताई
परवा इथे एकाने सल्ला दिलाय की आर्ट कॉलेजला चार वर्षं घालवू नका, तेवढ्या पैशात लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट घ्या, यूट्यूबवर शिका, पोर्टफोलिओ करा, डिग्री कोणी विचारत नाही. खाली पालक लिहितायत, थँक्यू सर, मुलगी हट्ट धरून बसली होती, आता फॉर्म भरत नाही. हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात पेंटिंग केलं, आता शाळेत चित्रकला शिकवते. दरवर्षी पोरं इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेला बसतात. ए ग्रेड आली की दहावीला सात मार्क वाढतात म्हणून आईबापच हौसेने बसवतात आणि ते सात मार्क पदरात पडले की चित्रकलेची वही माळ्यावर. त्यातल्या एखादीला खरंच पुढे जायचं असतं, आणि नेमके तेव्हाच असले सल्ले घरात मोठ्याने वाचले जातात.

कॉलेजमध्ये काय मिळतं? जिवंत मॉडेल समोर तासन्‌तास बसतं, आपण डाँकीवर, म्हणजे बोर्ड टेकवून बसायच्या बाकावर, शेजारच्याला समोरून उजेड मिळालाय आणि आपल्याला फक्त कान आणि जबडा, मग ब्रेकमध्ये फिरून सगळ्यांची बोर्डं बघायची आणि आपलं का फसलं ते न सांगता कळतं. छापचित्रांसाठी एचिंगचा प्रेस, लिथोचा दगड, सिरॅमिकची भट्टी, हे वन बीएचकेत कुठे ठेवणार? आणि संधीचं म्हणाल तर जे.जे. हे १८५७ चं कॉलेज आहे. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पोरांना घेऊन अजिंठ्याला जायचे, लेण्यांतल्या चित्रांच्या कॉप्या करायला, काही वर्षं चाललं ते काम. व्हीटी स्टेशन बांधलं तेव्हा दगडातली पानं, पक्षी, प्राणी याच पोरांनी केले. शिकता शिकता शहरातली एवढी मोठी इमारत सजवायला मिळाली. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये मिळतं ते सांगा.

पिक्सेलवाला_पुणे
तो सल्ला माझाच आहे, म्हणून उत्तर देतो. ताई, तुम्ही दीडशे वर्षांपूर्वीच्या संधी सांगताय. आज कुठली सरकारी इमारत विद्यार्थ्यांच्या हातात देतात? टेंडर निघतं, कंत्राटदार येतो, फायबरचे पुतळे उभे राहतात. मी स्वतः अप्लाइडला, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या शाखेला होतो, कॉलेजचं नाव घेत नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत पोस्टर कलरने लेटरिंग घासून घेतलं आमच्याकडून आणि सॉफ्टवेअर शिकवायला जे सर यायचे ते कंत्राटी, मार्चमध्ये त्यांचं कंत्राट संपलं, पुढचे सर दिवाळीनंतर आले. फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मी घरी शिकलो. आज माझ्या टीममध्ये मी माणसं घेतो तेव्हा काम बघतो, मार्कशीट मागत नाही.

आणि मोठी नावंच घ्यायची तर चित्रकार आरा घ्या. आधी घरगडी होते, मग गाड्या पुसायचे, जे.जे.त शिकले नव्हते, तरी १९४७ ला प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा गट काढणाऱ्यांत होते. त्याच ग्रुपमधल्या सूझाला तर जे.जे.नेच काढून टाकलं होतं. मग कॉलेजचं श्रेय ते काय?

रेघोट्या_ताई
सूझाला का काढलं तेही लिहा ना, स्वातंत्र्य चळवळीत भाग घेतला म्हणून, चित्र येत नव्हतं म्हणून नाही. त्याच ग्रुपमधले रझा, बाकरे कुठे शिकले? जे.जे.तच ना? आणि आरांना रूडी फॉन लायडनसारखा कलासमीक्षक भेटला, त्याने त्यांचं काम बघितलं, उचलून धरलं. असा माणूस सगळ्यांना भेटत नाही, म्हणून तर कॉलेज लागतं. बाकी पोस्टर कलरने लेटरिंग घासलं म्हणता, तर तुमच्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं मराठी ज्या मंगल फॉन्टमध्ये दिसली तो केला र. कृ. जोशींनी, जे.जे.च्या अप्लाइडचे विद्यार्थी. हाताने अक्षर घोटलेला माणूस होता तो, म्हणूनच जमलं.

कोल्हापुरी_तांबडा
दोघंबी मुंबई-पुण्याचंच बोलायलाय राव. आमच्याकडं आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यासारखे चित्रकार होऊन गेले, कोल्हापूर म्हणजे कलापूर म्हणून मिरवायचं, पण पोराला प्रदर्शन लावायचं झालं की चालला मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला. तिथं हॉल मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. अप्लाय करताना पोरगं कुवारं असतंय, नंबर लागला की त्याचंच पोरगं बालवाडीत. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग आहे, ते चांगलं आहे, मान्य. पण फ्रेम करून पाठवायची, काच फुटून परत यायची, खर्च कुणाचा? आमच्या बापाचा.

पेणचा_पोरगा
संधी संधी म्हणून भांडताय पण खरी संधी कुठे असते ते कोणी बोलत नाहीये. मी स्कल्प्चर करतोय, थर्ड इयर. माझं घर पेणजवळ, घरात गणपतीचा कारखाना. आषाढ-श्रावणात मी कारखान्यात नाही गेलो तर घर चालणार नाही आणि फीही भरता येणार नाही. माझ्याबरोबरचे दोघं लालबागला मोठ्या मूर्तींच्या कारखान्यात जातात, तिथे वीस फुटांच्या मूर्तीचा तोल, लोखंडी सळयांचा सांगाडा, हाताच्या वजनाचा हिशोब, डोळ्यांची आखणी, हे सगळं शिकायला मिळतं. आणि कॉलेजमध्ये काय? ७५ टक्के हजेरी भरत नाही म्हणून नाव नोटीस बोर्डवर. सरांना सांगितलं तर म्हणाले गणपती हे क्राफ्ट आहे, स्कल्प्चर नाही. माझे आजोबा शाडूत जे हात करायचे ते बघायला तरी या म्हणावं एकदा.

रेघोट्या_ताई
अरे बाळा, त्या सरांचं बोलणं चुकीचंच आहे. पण हजेरी माफ केली तर उद्या सगळेच गणपतीच्या नावाखाली घरी झोपतील.

शाडूच_हवा
मुळात या कारखान्यांत पीओपी चालतं, त्याला कसली कला म्हणायची? साच्यात ओतायचं, उपटायचं, स्प्रे मारायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० लाच पीओपी नको म्हणून नियम काढले तरी तुमचं चालूच. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी चौपाटीवर जाऊन बघा काय अवस्था असते बाप्पाची. कॉलेजच्या पोरांनी असल्या कामाला जायलाच नको.

पेणचा_पोरगा
साच्यात ओतायचं, उपटायचं एवढंच दिसतं तुम्हाला? साचा आधी कोण करतं? मूळ मूर्ती मातीत घडते, तिच्यावरून साचा निघतो, त्या मूळ मूर्तीला महिनेच्या महिने लागतात. शाडूची माती गुजरातेतून आणायची, पावसाळ्यात ती वाळत नाही, वाहतुकीत बोटं तुटतात, मग तुटलेली मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही आणि तोटा आमचा. तुम्ही शाडूची मूर्ती घेताना पीओपीच्याच भावात मागता, हे आधी सांगा. २०२५ ला हायकोर्टाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली पण विसर्जनाच्या अटी घातल्या. आम्ही जानेवारीत कामाला लागतो आणि नियम जूनमध्ये कळतो. आम्हाला निसर्गाचं वाईट वाटत नाही असं कोणी सांगितलं? आमच्या गावची खाडी आहे ती.

शाडूच_हवा
भावनिक होऊ नका. आकारच लहान ठेवा ना मग, दीड फुटाच्या वर गणपती हवाच कशाला? आणि भावाचं म्हणाल तर मी शाडूला जास्त पैसे देतो दरवर्षी.

कोल्हापुरी_तांबडा
तुम्ही देता ओ, तुमच्या सोसायटीतले बाकीचे देतात का? पोरगं फी भरायला काम करतंय आणि तुम्ही त्याला चौपाटी दाखवायलाय. जरा माणसासारखं बोला.

पिक्सेलवाला_पुणे
धागा कुठल्या कुठे गेला. पण पेणच्या दादाने माझाच मुद्दा सिद्ध केला, शिकायला मिळतंय ते कॉलेजच्या बाहेर, कॉलेज फक्त हजेरी मोजतंय.

पेणचा_पोरगा
माझं नाव तुमच्या मुद्द्याला लावू नका. मी कॉलेज सोडणार नाहीये. कारखान्यात पन्नास वर्षं तोच चेहरा, तीच सोंड, गिऱ्हाईकाला तेच लागतं. माणसाचा खांदा आतून कसा फिरतो, हाड कुठे आणि स्नायू कुठे, हे मी लाइफ क्लासमध्ये, म्हणजे जिवंत मॉडेलवरून काम करायच्या तासाला शिकलो आणि गेल्या वर्षी बसलेल्या मूर्तीचा खांदा बदलला, तर काका म्हणाले हे कुठून आणलंस. हॉस्टेलला रात्री दोन वाजता पेंटिंगवाला मित्र माझं मॉडेलिंग बघून शिव्या घालतो, टेक्सटाईलवाली मैत्रीण पितांबराच्या चुण्या कशा पडतील ते दाखवते. तुमच्या यूट्यूबवर असा शिव्या घालणारा मी कुठून आणू?

पिक्सेलवाला_पुणे
बरं. स्कल्प्चरवाल्यांसाठी मानलं, जागा आणि माणसं लागतात. अप्लाइडबद्दल माझं मत तेच आहे. भरती करा, आठ-आठ महिने विषयाला शिक्षक नाही अशी अवस्था बदला, मग मुलांना चार वर्षं मागा.

रेघोट्या_ताई
भरतीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, त्यावर भांडणच नाही. पण तुम्ही लिहिलं होतं कॉलेजला जाऊच नका. शिक्षक नाहीत म्हणून ओरडायला वर्गात पोरं तरी हवीत, तीही तुमचं ऐकून घरी बसली तर सरकार म्हणेल बघा, मागणीच नाही, करा बंद. २०२३ ला जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, अभ्यासक्रम आता स्वतः ठरवता येतो. तिथे तरी गणपतीच्या हंगामातलं काम इंटर्नशिप म्हणून धरा, कारखानदाराची सही आणि घडवलेल्या कामाचे फोटो घ्या, आल्यावर वर्गात सगळ्यांसमोर जुरी, म्हणजे कामाचं परीक्षण ठेवा. झोपा काढणारे तिथे लगेच उघडे पडतील, मला मघाशी तीच भीती होती.

शाडूच_हवा
इंटर्नशिप द्या, पण फक्त शाडूच्या कामाला.

पेणचा_पोरगा
चालेल. मग शाडू वाळवायला कॉलेजची एक कोरडी खोलीही द्या. मी अर्ज लिहितोय, ताई, तुम्ही जरा भाषा तपासून द्याल का?