मदत हवी आहे: स्थानिक निवडणुकीच्या प्रचारात रेडिओ टॉक शो कसा वापरावा? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

माझी एक मैत्रीण येत्या नोव्हेंबरात आमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभी आहे. गाव मध्य न्यू जर्सीत, देशी वस्ती भरपूर. पत्रकं लिहिणं, लोकांशी बोलणं, वेळा ठरवणं ही कामं माझ्याकडे आहेत. या निवडणुकीत पक्ष नसतो आणि आमच्याकडे पैसाही बेताचाच आहे.

इथल्या एका देशी एएम स्टेशनवर संध्याकाळी ७ वाजता फोन-इन कार्यक्रम असतो. सूत्रधाराने विचारलं, "एक तास विकत घ्या, ताईंना स्टुडिओत बसवा, मी फोन घेतो." आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना हे सोन्यासारखं वाटतंय. उरलेले म्हणतात, त्या पैशांत आणखी पत्रकं छापू.

मला कार्यक्रम करावासा वाटतो. प्रॉपर्टी टॅक्समधला साधारण निम्मा वाटा शाळांना जातो, आणि तो कुठे खर्च होतो हे पत्रकाच्या चार ओळींत सांगता येत नाही. फोनवर आजोबा विचारतील, "माझी मुलं केव्हाच शिकून गेली, मी का भरायचा?" आणि तिला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागेल. ते उत्तर ऐकायला मिळणं हाच मला खरा प्रचार वाटतो.

पण अडलंय असं की गटातल्या एकाने यादीच करून आणली आहे: पहिले पाच फोन आपल्याच माणसांचे, नावं आणि गावं बदललेली, प्रश्न लिहून दिलेले. मला हे अजिबात पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "सगळे हेच करतात, नाहीतर फोनच येणार नाहीत." मला त्यांच्यापुढे नुसतं "बरं दिसत नाही" असं म्हणायचं नाही. ज्यांनी रेडिओवर किंवा प्रचारात काम केलंय त्यांनी ठोस कारणं द्या.

दुसरी धास्ती आमच्या राज्याच्या मोठ्या टॉक स्टेशनची, न्यू जर्सी १०१.५ ची. तिथेही प्रयत्न करावा असं काहींचं मत आहे. १९९० साली गव्हर्नर जिम फ्लोरिओंनी २.८ अब्ज डॉलरची करवाढ केली, विक्रीकर ६ टक्क्यांवरून ७ वर नेला, तो टॉयलेट पेपरलाही लागला. तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या न्यू जर्सी १०१.५ वर जॉन आणि केन या जोडीने रोज दुपारी हा विषय असा लावून धरला की राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला, हजारो लोक जमले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली आणि १९९३ मध्ये फ्लोरिओ ख्रिस्टीन टॉड व्हिटमन यांच्याकडून हरले. रेडिओची ताकद कमी लेखायची माझी तयारी नाही. पण याच स्टेशनवर २००५ मध्ये एडिसनच्या महापौरपदाचे कोरियन वंशाचे उमेदवार जुन चोई यांच्या नावाची आणि उच्चारांची खिल्ली उडवली होती. २०१८ मध्ये राज्याचे अॅटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांना दोन सूत्रधारांनी "टर्बन मॅन" म्हटलं. मैत्रिणीचं इंग्रजी उत्तम आहे, पण उच्चार आपले. तिला तिथे पाठवावं का?

कृपया सांगा.

कोथरूडकर:
विषय नवीन वाटला. आमच्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच परवानगी नाही. निवडणुकीत जाहिराती वाजतात आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना ठरलेली वेळ मिळते, त्यात नेता लिहिलेलं भाषण वाचतो. उमेदवाराला फोनवर कुणी उलटं विचारतंय हे मी रेडिओवर कधी ऐकलेलं नाही. तिथे स्टेशनने एकाच बाजूने बोललेलं चालतं?

ध्वनिलहरी:
कोथरूडकर, आधी चालत नव्हतं. १९४९ पासून वादाच्या विषयात दुसरी बाजूही ऐकवा असा सरकारी आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, दंडक होता. तो १९८७ मध्ये गेला. १९८८ मध्ये रिपब्लिकनांच्या बाजूने बोलणारा सूत्रधार रश लिंबॉ न्यूयॉर्कहून देशभर ऐकू येऊ लागला आणि एका बाजूचा तीन तासांचा रोजचा कार्यक्रम हा धंदा झाला. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ५४ जागा वाढवून चाळीस वर्षांनी बहुमत मिळवलं, तेव्हा नव्या खासदारांनी लिंबॉला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. मी काही वर्षं शनिवारी सकाळी एका देशी स्टेशनवर कार्यक्रम केला आहे, म्हणून यादीबद्दल सांगते. फोन थेट हवेत जात नाही. आधी एक जण तो उचलतो, नाव, गाव आणि विषय विचारतो, आणि ते सूत्रधाराच्या स्क्रीनवर येतं. शेजारी नंबर दिसतो. रोजचे फोन करणारे पंधरा-वीस लोक ठरलेले असतात, त्यांचे आवाज आम्हाला तोंडपाठ. पाच नवे नंबर लागोपाठ आले आणि पाचही जण "ताई, आपण शिक्षणासाठी काय योजना आखली आहे?" असं वाचल्यासारखं विचारायला लागले की मला पहिल्या मिनिटाला कळायचं. आणि मला कळलं नाही तरी ऐकणाऱ्यांना कळतं. आपली वस्ती केवढी? कुणीतरी स्वयंपाकघरातून म्हणणारच, "अगं, ही तर मंडळाच्या गणपतीत आरती सांगते तीच, हिचं नाव कुठे मीना आहे?" मग ती गोष्ट त्याच रात्री सगळ्या व्हॉट्सअॅप गटांत जाते आणि तुमच्या मैत्रिणीने तासभर काय सांगितलं ते कुणी विचारत नाही.

याहून मोठं कारण आहे. लोक रोज तो आवाज ऐकतात म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवतात. सूत्रधाराने वर्षानुवर्षं कमावलेला तो विश्वास तुम्ही तासाभरासाठी उसना घेताय. तो खोट्या नावांवर खर्च केलात तर पुढच्या वेळी तो तुम्हाला माइकजवळ येऊ देणार नाही, आणि त्याने तसं केलं तर मी त्याच्याच बाजूने उभी राहीन.

फोन येणार नाहीत ही भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय सरळ आहे. तुमच्या माणसांना फोन करू द्या, स्वतःच्या नावाने, आणि "मी यांच्या प्रचारात आहे" हे सांगून. प्रश्न त्यांचा स्वतःचा हवा. मुलाची बस रोज उशिरा येते असं एखाद्या आईने चिडून सांगितलं तर ती प्रचारातली आहे का याने ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. आणि विरोधातला पहिला फोन लवकर घ्या असं सूत्रधाराला आधीच सांगून ठेवा. ताईंनी तो शांतपणे निभावला की पुढचे फोन आपोआप येतात.

लेकसाइड:
मी शिकागोत राहतो. इथले जुने लोक १९८३ ची गोष्ट अजून सांगतात. हॅरल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, त्याआधी वर्षभर कृष्णवर्णीयांच्या रेडिओ स्टेशनांवर एकच धोशा होता: नाव नोंदवा. लू पामर हे पत्रकार "वी शॅल सी इन एटीथ्री" म्हणत राहिले. १९८२ मध्ये लाखाहून जास्त नवे मतदार नोंदले गेले. तेव्हा उमेदवार अजून ठरलाही नव्हता, हे लक्षात घ्या. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला स्पॅनिश रेडिओच्या पिओलिन, कुकुय या सूत्रधारांनी एरवीची चढाओढ बाजूला ठेवून लोकांना स्थलांतरितांच्या हक्कांसाठीच्या मोर्च्याला बोलावलं, पांढरे कपडे घाला आणि अमेरिकेचा झेंडा घ्या असं सांगितलं, आणि २५ मार्चला लाखो लोक रस्त्यावर आले.

म्हणून माझा सल्ला: मतं मागायला शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. तुमच्या राज्यात मतदार नोंदणी निवडणुकीच्या २१ दिवस आधी बंद होते आणि टपाली मतपत्रिका त्याच्याही आधी घरी येतात. नागरिकत्व मिळूनही नाव न नोंदवलेली आपली माणसं कमी नाहीत. पहिला कार्यक्रम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करा आणि त्यातला बराच वेळ नोंदणी कशी करायची यावर घालवा.

मोठ्या स्टेशनबद्दल: जुन चोईंच्या प्रकरणात काही जाहिरातदारांनी हात काढून घेतले, स्टेशनला माफी मागावी लागली, आणि चोई पक्षांतर्गत प्राथमिक फेरी आणि नोव्हेंबरची निवडणूक दोन्ही जिंकले. पण ते सोसायची तुमच्या मैत्रिणीची इच्छा आहे का, हे तिलाच विचारा. ते तुम्ही-आम्ही ठरवू नये.

हिशोबनीस:
कायद्याचं थोडं. मी वकील नाही, पण दोन प्रचारांचे हिशोब सांभाळले आहेत.

तास विकत घेतलात की तो कुणी विकत घेतला हे हवेत सांगावंच लागतं. राज्याच्या निवडणूक आयोगाकडे तो खर्च दाखवावा लागतो. एका उमेदवाराला वेळ विकली की त्याच जागेसाठी उभ्या असलेल्या इतरांनाही तशीच संधी द्यावी लागते, मात्र त्यांनी ती सात दिवसांच्या आत मागायला हवी. खऱ्या बातम्यांच्या मुलाखतीला यातून सूट आहे, विकत घेतलेल्या तासाला ती धरून चालू नका. दराबाबत: मतदानाआधीच्या ६० दिवसांत स्टेशनने उमेदवाराला सर्वात कमी दर लावायचा असतो. हे सूत्रधार सांगणार नाही, तुम्ही विचारा. आणि स्टेशनच्या सार्वजनिक फाइलमध्ये, जी आता ऑनलाइन असते, आधी कोणत्या उमेदवाराने किती दिले ते बघून जा.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. ऐकणाऱ्यांत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले कितीतरी असतील. त्यांची मुलं शाळेत असतात, कळकळ खरी असते, पण त्यांना मतही देता येत नाही आणि प्रचाराला पैसेही देता येत नाहीत, गावच्या निवडणुकीतसुद्धा. ग्रीन कार्डवाल्यांना पैसे देता येतात. विनामोबदला काम दोघांनाही करता येतं. फोनवर कुणी "मी शंभर डॉलर देतो" म्हणालं तर ताईंनी तिथेच थांबवून हे नीट समजावून सांगावं. ते ऐकून दुसरे चार जणही शहाणे होतील.

ध्वनिलहरी:
एक राहिलंच. ७ वाजताचा कार्यक्रम आणि एएम स्टेशन म्हणालात ना? रात्री एएम लहरी फार लांब जाऊन दुसऱ्या स्टेशनांत मिसळतात, म्हणून बऱ्याच स्टेशनांना सूर्यास्तानंतर ताकद कमी करावी लागते. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास अंधार पडतो. जे स्टेशन उन्हाळ्यात ७ ला तुमच्या गावात खणखणीत लागतं ते तेव्हा खरखरेल किंवा लागणारच नाही. रात्रीची ताकद किती हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. शक्य असेल तर संध्याकाळचे ४ ते ५ मागा, लोक गाडीतून घरी येत असतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बैठकीत हा धागा मोठ्याने वाचला. पाच फोनांची यादी रद्द झाली. ज्यांनी ती केली होती ते आता स्वतःच्याच नावाने फोन करणार आहेत, बसच्या प्रश्नावर. त्यांची मुलगी रोज थंडीत थांब्यावर उभी असते, तेव्हा प्रश्न खराच आहे.

मोठ्या स्टेशनचं मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "बोलावलं तर जाईन, पण आपण होऊन मागायचं नाही." मला ते पटलं.

सूत्रधाराने रात्रीची ताकद कमी होते हे कबूल केलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी दुपारी ४ चा तास द्यायला तयार झाला. दराचं बोलणं चालू आहे, ६० दिवसांचं सांगितल्यावर ते जरा सोपं झालं.

आता एक काम आहे. मिडलसेक्स, सॉमरसेट आणि मर्सर काउंटीत राहणाऱ्यांनी, येत्या आठवड्यात एकदा दुपारी ४ ला आणि एकदा अंधार पडल्यावर गाडीत एएमवर ते स्टेशन लावून बघाल का? कुठल्या रस्त्यावर होतात आणि शब्द कळत होते की नाही, एवढंच इथे लिहा. स्टेशनची वारंवारता व्यक्तिगत निरोपातून कळवते. कार्यक्रम तिथे करायचा की नाही हे त्यावरून ठरवू.