अनुभव धागा : निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत

बेघर निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्यांसाठी हा धागा. कुटुंबाचं नाव-गाव नको. काय जमतं, कुठे अडतं आणि का, तेवढं लिहा.

निवाऱ्याचं ऑफिस सांभाळणारी
मुक्काम निवाऱ्यात आहे तोवरच आधार उरकून घ्या. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला पत्त्यासाठी चालतो. लेटरहेड लागत नाही, साधा ए-फोर कागद पुरतो. सही आणि शिक्का मात्र अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आला पाहिजे. इथेच जास्त अर्ज परत येतात. सहीच्या तारखेपासून तीन महिनेच मुदत, म्हणून दाखला आधी आणि अपॉइंटमेंट नंतर, असं करू नका.

दुसरं, मोबाईल नंबर. रिचार्ज राहिला की नंबर बंद होतो, पुढे तो दुसऱ्याला मिळतो आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. आधारला चालू नंबर जोडून मगच बाहेर पडा.

बचतगटाची ताई
कागद नाहीत म्हणून बँकेने परत पाठवलं तर ‘स्मॉल अकाउंट’ असा शब्द वापरून मागा. स्वतः सही केलेला फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, एवढ्यावर ते उघडतं. शिल्लक 50,000 च्या आत, महिन्याला 10,000 पर्यंतच काढता येतात. 12 महिन्यांत ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दाखवावा लागतो. ही तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

खोल्या शोधून देणारा कार्यकर्ता
सगळ्यात मोठा घोळ डिपॉझिटचा. वस्तीत पैसे घेणारा बऱ्याचदा मालक नसतो, तोच भाडोत्री असतो. लाईट बिल आणि फोटोपास (झोपडीधारकाचं फोटो असलेलं ओळखपत्र) कोणाच्या नावावर आहे ते बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणून निदान डिपॉझिटची पावती घ्या: रक्कम, तारीख, खोली नंबर, दोन साक्षीदार. सबमीटरचं रीडिंग पहिल्याच दिवशी फोटोत.

‘हेवी डिपॉझिट’च्या (भाड्याऐवजी एकदम मोठी रक्कम देण्याच्या) नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत. भाडं वाचतं, पण सगळी पुंजी एका माणसाच्या शब्दावर अडकते.

भाडं पाच तारखेला आणि पगार दहाला असेल तर पहिल्याच महिन्यात खटका उडतो. तारीख आधीच बोलून घ्या. रोजंदारीवाल्यांनी आठवड्याच्या आठवड्याला दिलेलं बरं.

रेशनवाली
गावच्या कार्डावर नाव असताना नवीन कार्डाचा अर्ज केला की अडकतो. घाई असेल तर गावचंच कार्ड शहरातल्या दुकानात चालवा. ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये अर्धं धान्य गावी, अर्धं इथे असंही उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो म्हणजे चौघांना 20 किलो. दिवसाला माणशी साधारण 165 ग्रॅम पडतं, बाकीचं विकतच. धुणीभांडी नि सिमेंटच्या कामाने बोटं झिजलेली असतात, मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन कोरडे करा, काच पुसा, दुसरं बोट लावा. तरीही नाही झालं तर ओटीपी मागा (पुन्हा तोच मोबाईल नंबर!).

शाळेतली
जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क (आरटीई) कायदा, 2009. वयाप्रमाणे वर्ग मिळतो. तोंडी नकार आला तर अर्ज लेखी देऊन पोच घ्या. पोच मागितली की निम्म्या वेळा तिथेच काम होतं. खोली लांबची असेल तर सत्र संपेपर्यंत जुनीच शाळा ठेवा.

पुन्हा निवाऱ्यातून
सामानाचं राहिलं. 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोन पातेली, तवा, झाकणाची बादली, पाण्याचा ड्रम आणि कुलूप. कुलूप हमखास विसरतात. निवाऱ्यात दार आतून लावायची सवय मोडलेली असते, म्हणून आतली कडीही नीट बसते का ते किल्ली घेतानाच बघा.